गुप्तधन आणि खनिजशोधावरची उपयोगी पुस्तके कशी शोधावीत: तयारी, क्रम आणि पडताळणी

गाडलेले धन आणि जमिनीतली खनिजे या विषयांवर वाचायचे ठरवणारे बहुतेक लोक सुरुवात उलट्या टोकाने करतात. आधी शीर्षकात ‘गुप्तधन’ किंवा ‘खजिना’ असलेले एखादे पुस्तक विकत घेतले जाते, मग त्यातली गावे नकाशावर शोधली जातात, आणि कायदा काय म्हणतो हा प्रश्न, पडलाच तर, सर्वांत शेवटी पडतो. या क्रमाने पैसा वाया जातो आणि प्रसंगी गुन्हाही दाखल होतो. खरी उपयोगी माहिती ज्या ग्रंथांत आहे त्यांच्या शीर्षकात खजिन्याचे नावही नसते. ती जिल्हा गॅझेटिअर (जिल्ह्याची सविस्तर माहिती देणारे सरकारी ग्रंथ), भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची प्रकाशने, नाण्यांच्या अभ्यासाची नियतकालिके आणि पुरातत्त्व खात्याचे वार्षिक अहवाल यांत विखुरलेली असते, आणि ती क्रमाने गेल्याशिवाय हाती लागत नाही. पहिले तीन टप्पे कंटाळवाणे वाटले तरी ते गाळून चौथ्याकडे जाऊ नये.

टप्पा १: प्रश्न एका वाक्यात लिहावा

गुप्तधन म्हणजे माणसाने दडवलेली वस्तू आणि खनिज म्हणजे निसर्गाने साठवलेला पदार्थ. दोहोंची पुस्तके, ग्रंथालयातली कपाटे आणि कायदे पूर्णपणे वेगळे आहेत. तरी दोन्ही गोष्टी एकाच शोधात मिसळण्याची चूक सर्रास होते. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर पदार्थ, जागा आणि काळ सांगणारे एकच वाक्य लिहावे. ‘महाराष्ट्रातले सोने’ हा प्रश्न नव्हे. ‘धारवाड-गदग भागातल्या ओढ्यांतून सोने धुण्याविषयी एकोणिसाव्या शतकात काय नोंदले गेले’ हा प्रश्न आहे, कारण त्याचे उत्तर कोणत्या ग्रंथात असू शकते हे त्या वाक्यावरूनच ठरवता येते.

खनिजाचा प्रश्न असेल तर आपल्या जागेचा खडक कोणता हे याच वेळी पाहावे. महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भाग दख्खनच्या बेसाल्टखाली आहे. त्या काळ्या पाषाणात झिओलाइटचे सुंदर स्फटिक मिळतात. सोन्याच्या शिरा मिळत नाहीत. पुणे, सातारा किंवा अहिल्यानगरच्या माळावरच्या सोन्याविषयी सांगणारे पुस्तक इथेच बाजूला ठेवता येते. जुने खडक पूर्व विदर्भात आणि दक्षिण कोकणाच्या काही पट्ट्यांत उघडे पडलेले आहेत, आणि राज्यातल्या धातुखनिजांविषयीचे गंभीर लेखन मुख्यतः त्याच भागांबद्दल आहे.

*तपासणी:* वाक्यात जिल्ह्याचे नाव आणि काळ नसेल तर पुढे जाऊ नये.

टप्पा २: कायद्याचा मूळ पाठ आधी वाचावा

हे वाचन वकिलासाठी नव्हे, वाचकासाठी आहे. कोणती कृती मुळातच बंद आहे हे कळले की निम्मी पुस्तके आपोआप निरुपयोगी ठरतात. केंद्रीय कायदे सरकारच्या ‘इंडिया कोड’ या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. सारांश सांगणाऱ्या पुस्तकावर अवलंबून राहू नये, कारण असे सारांश बहुधा शिक्षेची कलमे गाळतात आणि वाट्याची कलमे ठळक छापतात.

१८७८ चा भारतीय निखात निधी कायदा जमिनीत किंवा तिला जोडलेल्या वस्तूत दडवलेल्या कोणत्याही मौल्यवान वस्तूला निधी म्हणतो. मूळ कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी सापडला, तर सापडणाऱ्याने त्याचे स्वरूप, अंदाजे किंमत, जागा आणि तारीख यांची लेखी सूचना जिल्हाधिकाऱ्याला द्यावी लागते. पुढे जाहीर सूचना, दावे, चौकशी असा क्रम असतो. निधी बेवारस ठरला आणि जागेचा मालक व शोधणारा यांच्यात वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश शोधणाऱ्याला व उरलेला मालकाला, अशी मूळ तरतूद आहे. मात्र सरकार किंमत देऊन तो स्वतःकडे घेऊ शकते. सूचना न देणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आपल्या राज्याने केलेल्या दुरुस्त्या मूळ पाठाशेजारी ठेवूनच वाचाव्यात.

तीन चतुर्थांशाचे हे एक कलम वाचून अनेकांना हुरूप येतो. परंतु हा कायदा सापडलेल्या वस्तूचे काय करायचे ते सांगतो. कुठेही खणण्याची परवानगी तो देत नाही. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्याने संरक्षित क्षेत्रात खोदकामाला बंदी आहे, आणि २०१० च्या दुरुस्तीने स्मारकाभोवतीचे १०० मीटर प्रतिबंधित व त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित झाले आहेत. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू, आणि हस्तलिखित असल्यास पंचाहत्तर वर्षांहून जुने, पुरावस्तू ठरू शकते. खनिजांसाठी १९५७ च्या खाण व खनिज कायद्याचे चौथे कलम पाहावे: परवान्याशिवाय पाहणी, पूर्वेक्षण (खनिजाचा प्रत्यक्ष शोध) किंवा खाणकाम करता येत नाही. या कायद्यात २०१५ साली लिलावाची पद्धत आली, म्हणून परवाना कसा मिळवावा हे सांगणारे त्याआधीचे कोणतेही पुस्तक कार्यपद्धतीसाठी वापरू नये.

> इशारा: अंजन, नारळ, पायाळू माणूस किंवा बळी यांच्या आधारे धन दाखवण्याची कृती सांगणारी पुस्तिका संदर्भग्रंथ नव्हे. गुप्तधनाच्या शोधासाठी केलेली अघोरी कृत्ये महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत आहेत.

टप्पा ३: जागेच्या नावांची आणि राजवटींची यादी करावी

पुस्तक असूनही ते सापडत नाही, याचे सर्वांत मोठे कारण स्पेलिंग असते. पुणे, धारवाड, सोलापूर, रायगड ही नावे जुन्या इंग्रजी ग्रंथांत पूना, धारवार, शोलापूर, कुलाबा अशी येतात. स्कॅन केलेल्या पानांतला शोध तर स्वरांवरच्या चिन्हांमुळे आणखी चुकतो. प्रत्येक गावासाठी आजचे नाव, जुने नाव, रोमन लिपीतली किमान तीन रूपे, आजचा तालुका व जिल्हा आणि जुना जिल्हा असे रकाने आखावेत.

त्याहून महत्त्वाचा रकाना म्हणजे १९०० च्या सुमारास ती जागा कोणाच्या राज्यात होती. कॅम्पबेल यांनी संपादित केलेले मुंबई इलाख्याचे गॅझेटिअर उघडून त्यात विदर्भ किंवा मराठवाडा शोधणारे वाचक पुष्कळ आहेत, आणि ते ‘माहिती उपलब्ध नाही’ असे समजून परततात. नागपूर-चांदा मध्य प्रांतात, अकोला-अमरावती वऱ्हाडात, औरंगाबाद-परभणी निजामाच्या राज्यात आणि गोवा पोर्तुगिजांकडे होता. प्रत्येकाची ग्रंथमालिका स्वतंत्र आहे. गोव्यासाठी पोर्तुगीज भाषेतले ग्रंथ लागतात आणि त्यासाठी पणजीचे कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय हे योग्य ठिकाण आहे.

वैरागडचे उदाहरण घ्यावे. ‘आईन-ए-अकबरी’त इथल्या हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख आहे. पण हे गाव शोधताना वैरागड, वैरागढ, बैरागढ, बिरागढ अशी रूपे लागतात. जुना जिल्हा चांदा, आणि १९८२ नंतरचा गडचिरोली. एकाच रूपावर थांबलेल्या वाचकाला यातला चतकोर भागही सापडणार नाही.

*तपासणी:* यादीतले प्रत्येक रूप किमान एका ग्रंथसूचीत टाकून पाहिले आहे का? नसेल तर चौथा टप्पा अर्धवट राहील.

टप्पा ४: सूचीग्रंथ आधी, पुस्तक नंतर

या विषयात मी सर्वाधिक वेळ याच टप्प्याला देण्याचा सल्ला देईन, कारण इतरांनी केलेले काम फुकट मिळण्याची ही एकमेव जागा आहे.

*खनिजांसाठी.* १८८१ साली व्हॅलेंटाइन बॉल यांनी भारताच्या भूविज्ञानाच्या हस्तपुस्तिकेचा तिसरा भाग लिहिला. तो संपूर्ण आर्थिक भूविज्ञानावर आहे आणि त्यात खनिजानुसार, मग प्रदेशानुसार, आधीच्या नोंदी एकत्र केल्या आहेत. त्यानंतर ला टूश यांची भारतीय भूविज्ञानाची ग्रंथसूची १९१७ पासून भागांनी निघाली. तिचा आर्थिक मूल्याच्या खनिजांचा सटीप निर्देशांक खनिज आणि ठिकाण यांवरून थेट मूळ लेखापर्यंत नेतो. हा निर्देशांक न उघडता जुन्या खनिजनोंदी शोधणे म्हणजे निष्कारण श्रम होत. अलीकडच्या कामासाठी भारतीय खाण ब्युरोचे वार्षिक ‘इंडियन मिनरल्स इयरबुक’ आणि भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अहवाल पाहावेत. डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘नॅशनल जिओसायन्स डेटा रिपॉझिटरी’ या संकेतस्थळावर नकाशे आणि शोधअहवाल एका ठिकाणी पाहता येतात.

*निधींसाठी.* भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे ‘इंडियन आर्किऑलॉजी: अ रिव्ह्यू’ हे वार्षिक १९५३-५४ पासून निघते आणि त्याच्या जुन्या अंकांत नाणी व निखात निधी यांसाठी वेगळा विभाग आहे. कोणत्या गावी, कशात, कोणती नाणी मिळाली याच्या त्रोटक पण अधिकृत नोंदी तिथे मिळतात. त्याआधीच्या काळासाठी मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचे नियतकालिक आणि भारतीय नाणकशास्त्र परिषदेचे नियतकालिक चाळावे. नाशिकजवळच्या जोगलटेंभी इथे १९०६ साली मिळालेल्या, क्षत्रप राजा नहपान याच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांच्या साठ्याचे विवेचन असेच एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आले. त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा ठसा मारला होता ही गोष्ट तिथल्या मोजणीतून कळते. खजिन्याच्या सुरस कथांच्या पुस्तकात असली मोजणी नसते.

गॅझेटिअरचा वापर या टप्प्यावर दुवा म्हणून करावा, अंतिम पुरावा म्हणून नव्हे. धारवाडचा खंड (क्रमांक २२, १८८४) कप्पत डोंगराच्या परिसरातल्या सोन्याविषयी सांगतो. तिथून मागे गेले की भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांचा याच डंबळ-कप्पत डोंगरातल्या सोनेयुक्त खडकांवरचा १८७४ चा लेख हाती येतो. ओढ्यात सोने धुणारे जालगार आणि वाळूच्या मागचा खडक यांचा संबंध समजून घ्यायचा तो भूवैज्ञानिकाच्या लेखातून; गॅझेटिअरमध्ये त्याचे सार तेवढे असते. हा मागे जाण्याचा क्रम प्रत्येक नोंदीसाठी करावा: आजचा लेख, त्याने दिलेला आधार, त्या आधाराचा आधार, आणि शेवटी प्रत्यक्ष पाहणाऱ्या माणसाची नोंद.

ग्रंथालयात स्वतः कपाटापाशी जाता येत असेल तर ड्युई वर्गीकरणाचे (पुस्तके विषयवार आकड्यांनी लावण्याच्या पद्धतीचे) हे आकडे लिहून न्यावेत: सोने ५५३.४१, भारताचे भूविज्ञान ५५५.४, खनिजांचे पूर्वेक्षण ६२२.१८, खजिनाशोध ६२२.१९, नाणी ७३७.४. यांतला ६२२.१९ चा कप्पा सर्वांत शेवटी पाहावा.

> नेहमीची चूक: सापडलेल्या पहिल्या पुस्तकाची अक्षरशः नक्कल करून ठेवणे आणि त्याच्या तळटिपा सोडून देणे. या विषयात तळटीप मजकुराहून मोलाची असते.

टप्पा ५: योग्य आणि पूर्ण प्रत मिळवावी

जुन्या इंग्रजी ग्रंथांचे स्कॅन इंटरनेट आर्काइव्हवर मोठ्या प्रमाणात आहेत. महाराष्ट्राचे गॅझेटिअर राज्याच्या दर्शनिका विभागाने संकेतस्थळावर दिले आहेत. भारतीय प्रताधिकार कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे, आणि सरकारी प्रकाशनासाठी प्रसिद्धीनंतर ६० वर्षे उलटली की ग्रंथ मुक्त होतो. त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीच्या सरकारी अहवालाचे महागडे पुनर्मुद्रण घेण्यापूर्वी स्कॅन आहे का ते पाहावे.

स्वस्त पुनर्मुद्रणांची मोठी अडचण म्हणजे नकाशे. भूवैज्ञानिक ग्रंथांना शेवटी घडीचा नकाशा जोडलेला असे. स्कॅन करताना तो अनेकदा उघडला जात नाही आणि पुनर्मुद्रणात घडी घातलेल्या कागदाचे एक पान तेवढे छापून येते. नकाशाशिवाय अशा ग्रंथाची निम्मी किंमत उरते. मग मूळ प्रत पाहण्यासाठी मुंबईची एशियाटिक सोसायटी, पुण्याचे डेक्कन कॉलेज किंवा भांडारकर संस्था, आणि खनिजांसाठी नागपूरची भूवैज्ञानिक सर्वेक्षण व खाण ब्युरोची ग्रंथालये यांच्याकडे आधी पत्र पाठवून विचारावे. पत्रात ग्रंथमालिका, खंड, भाग, वर्ष आणि पाने एवढे स्पष्ट दिले की उत्तर लवकर येते. ‘खजिन्याविषयी काही असल्यास कळवावे’ असे लिहिले की बहुधा येत नाही, आणि त्यात ग्रंथपालाचा दोष नाही.

*तपासणी:* अनुक्रमणिकेतल्या चित्रपत्रांची आणि नकाशांची यादी घेऊन प्रत्येक पान स्कॅनमध्ये आहे का ते टिपून ठेवावे. एकाच जिल्ह्याच्या गॅझेटिअरच्या जुन्या आणि सुधारित अशा दोन आवृत्त्या असतील तर दोन्ही घ्याव्यात. नव्या आवृत्तीत जुन्या खनिजनोंदी पुष्कळदा संक्षिप्त झालेल्या असतात.

टप्पा ६: पुस्तकाची परीक्षा घ्यावी

निधीच्या नोंदीला चार गोष्टी लागतात: सापडल्याची तारीख, गाव, वस्तूंचे वर्णन वजन-संख्येसह, आणि वस्तू आज कोणत्या संग्रहात आहेत. शेवटची गोष्ट नसेल तर नोंद संशयित समजावी. ‘जुने लोक सांगतात’ हे लोककथेचे साधन आहे आणि तेवढ्यापुरते ते जरूर टिपावे, पण वेगळ्या रकान्यात.

शिळांच्या बाबतीत आपल्याकडे विशेष नुकसान झाले आहे. सूर्य-चंद्र कोरलेला दगड म्हणजे खाली पुरलेल्या धनाची खूण, असे सांगणाऱ्या पुस्तिकांमुळे गधेगळ (दानाची नोंद आणि शाप कोरलेल्या शिळा) आणि वीरगळ उखडले जातात. गधेगळावरचे सूर्य-चंद्र ‘दान यावच्चंद्रदिवाकरौ, म्हणजे चंद्र-सूर्य असेपर्यंत, टिकावे’ या अर्थाचे असतात आणि खालची प्रतिमा दान मोडणाऱ्याला दिलेली शापवाणी असते. वीरगळ हे लढाईत पडलेल्या वीराचे स्मारक आहे. अशा शिळेविषयी प्रश्न असेल तर शं. गो. तुळपुळे यांच्या ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ (१९६३) या संग्रहासारख्या ग्रंथात त्या प्रकारचे लेख वाचून पाहावेत. हाती आलेल्या मोडी कागदाचेही तसेच: ज्याने तो विकायला आणला त्याच्याकडूनच तो वाचून घेऊ नये, पुराभिलेखागारात काम करणाऱ्या तटस्थ जाणकाराकडून वाचून घ्यावा.

खनिजाच्या पुस्तकासाठी एक झटपट परीक्षा पुरते. सोने आणि पायराइट यांतला फरक ते कसा सांगते ते पाहावे. सोने ठोकल्यावर पसरते, त्याचा कस (घासल्यावर उमटणारी रेघ) पिवळा उमटतो आणि विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या तुलनेत जडपणा) सुमारे १९ असते. पायराइट ठिसूळ असतो, त्याचा कस हिरवट काळा आणि गुरुत्व ५ च्या आसपास असते. केवळ ‘चकाकी’वर फरक सांगणारे पुस्तक परत ठेवावे.

टप्पा ७: परदेशी हस्तपुस्तिका फक्त पद्धतीसाठी

वाळू धुण्याच्या परातीचा वापर, नदीच्या वळणाच्या आतल्या बाजूला आणि तळखडकाच्या भेगांत जड कण का साचतात, काळ्या वाळूचा अर्थ काय, हे समजावून सांगणाऱ्या इंग्रजी पुस्तिका अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात भरपूर निघाल्या आहेत व त्यांतल्या काही खरोखर चांगल्या आहेत. पण त्यांतले ‘जागा धरा, खुंट्या रोवा, हक्क नोंदवा’ हे प्रकरण अमेरिकेच्या १८७२ च्या खाणकायद्यावर उभे आहे आणि भारतात त्याला काहीही आधार नाही. तिकडे राहणाऱ्या मराठी वाचकांनीही प्रांताप्रांतांचे नियम वेगळे आहेत हे लक्षात ठेवावे. व्हिक्टोरियात ‘मायनर्स राइट’ हा परवाना आधी घ्यावा लागतो.

> इशारा: जुन्या पुस्तकांत पारा किंवा सायनाइड वापरून सोने वेगळे करण्याच्या कृती सविस्तर दिलेल्या असतात. त्या घरी करून पाहू नयेत. पाऱ्याची वाफ दिसत नाही आणि तिचा वासही येत नाही.

टप्पा ८: मापे, रेखांश आणि आजची स्थिती जुळवावी

जुन्या ग्रंथातला आकडा वहीत उतरवताना मूळ एकक तसेच लिहावे आणि शेजारी आजचे द्यावे. ट्रॉय औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम, पेनीवेट त्याचा विसावा भाग म्हणजे सुमारे १.५६ ग्रॅम, ग्रेन ०.०६५ ग्रॅम आणि ब्रिटिश अमदानीतला तोळा ११.६६ ग्रॅम. इंग्रजी टन १,०१६ किलोचा असल्यामुळे ‘टनाला एक पेनीवेट’ म्हणजे आजच्या टनाला साधारण दीड ग्रॅम होतात. साधा औंस आणि ट्रॉय औंस यांची गल्लत झाली तर सगळा हिशेब बिघडतो.

नकाशांत याहून लपलेली चूक असते. सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने नकाशे मद्रास वेधशाळेच्या जुन्या रेखांशावर बेतलेले होते आणि त्यांतल्या रेखांशातून सुमारे २ मिनिटे २७ सेकंद वजा करावी लागतात. आपल्या अक्षांशावर ही तफावत चार किलोमीटरांहून अधिक भरते. नकाशाच्या समासात तशी सूचना असते. ती न वाचता रेखांश थेट मोबाइलमध्ये टाकणारा वाचक शेजारच्या गावात पोहोचतो. म्हणून जागा आकड्यांवरून न ठरवता नदीचा संगम, घाट, देऊळ अशा टिकाऊ खुणांवरून ठरवावी, आणि गाव धरणाखाली जाऊन दुसरीकडे वसले नाही ना तेही पाहावे.

शेवटी प्रत्येक नोंदीसमोर त्या जागेची आजची कायदेशीर स्थिती लिहावी: वनजमीन, संरक्षित स्मारक, खासगी मालकी, अभयारण्य किंवा खाणपट्टा. फूट यांनी अभ्यासलेला कप्पत डोंगर २०१९ मध्ये कर्नाटक सरकारने वन्यजीव अभयारण्य म्हणून घोषित केला. तिथल्या सोन्याविषयीचे वाचन कितीही पक्के झाले, तरी आज त्या ओढ्यात परात घेऊन उतरता येत नाही. त्या रकान्यात ‘फक्त वाचनापुरते’ असा शेरा लिहून पुढच्या नोंदीकडे जावे.